टीव्हीतला बिघाड ग्राहकाला लेखी कळला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की ‘जुना टीव्ही द्या, नवा घेऊन जा’ अशा जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरतात आणि त्याच दिवसांत घरोघरी बंद पडलेल्या टीव्हीचा निकाल घाईघाईने लावला जातो. या निकालाविषयी थोडे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रेडिओ व टीव्ही मेकॅनिक या व्यवसायाचा निदेशक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही ओळखीची माणसे आपापले संच दाखवायला येतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो की, यावर आता पैसे घालावेत का? माझे म्हणणे असे आहे की या प्रश्नाचे उत्तर संचाच्या वयात शोधू नये आणि दुकानातल्या सवलतीत तर मुळीच शोधू नये. आतला नेमका कोणता भाग निकामी झाला आहे यावर ते अवलंबून असते आणि तेवढीच गोष्ट ग्राहकाला कागदावर लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही.

आजचा सपाट टीव्ही उघडला तर आत फारसे काही नसते. समोर काचेचे पॅनेल, त्याच्यामागे प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या, विजेचा पुरवठा सांभाळणारा सप्लाय बोर्ड, सगळे कामकाज पाहणारा मदरबोर्ड आणि पॅनेलला चित्राचे संकेत पोहोचवणारा छोटा टीकॉन बोर्ड, एवढाच सारा संसार. कित्येक संचांत यातले दोन-तीन बोर्ड एकाच पट्टीवर एकत्रही असतात. या सगळ्यांत सर्वांत महाग वस्तू पॅनेल. संचाच्या एकूण किमतीचा मोठा वाटा एकट्या पॅनेलचा असल्यामुळे पॅनेल फुटले किंवा आतून गेले तर ते बदलण्यापेक्षा नवा संच घेणे बहुतेक वेळा परवडते आणि हे सांगणारा मेकॅनिक ग्राहकाला फसवत नसतो. मात्र पॅनेल शाबूत असेल तर बाकीचे सगळे भाग तुलनेने स्वस्त असतात, बदलता येतात आणि पुष्कळदा नुसते दुरुस्तही होतात. म्हणून ‘टीव्ही गेला’ असे कोणी म्हणाले की त्यावर पहिला प्रश्न ‘पॅनेल चांगले आहे का’ हाच असला पाहिजे.

अडचण अशी की पॅनेल चांगले असूनही पडदा काळा दिसू शकतो. आवाज येतो, रिमोटने चॅनेल बदलते, पण चित्र नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांना ‘डिस्प्ले गेला’ असे कोणीतरी आधीच सांगून टाकलेले असते. प्रत्यक्षात अशा वेळी बहुधा मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, बंद पडलेला असतो. याची परीक्षा कोणालाही घरी करता येते. रात्री खोलीतले दिवे घालवावेत, टीव्ही चालू ठेवावा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरून निरखून पाहावे. पडद्यावर माणसांच्या फिकट आकृत्या हलताना किंवा मेनूची अक्षरे अंधुक दिसली, तर पॅनेल काम करते आहे आणि फक्त त्याच्यामागचा उजेड गेला आहे, असे खुशाल समजावे.

आमच्या कॉलनीतील एका निवृत्त शिक्षिकेच्या बत्तीस इंची संचाची हकिगत यासाठी सांगतो. कंपनीच्या सेवा केंद्राकडून आलेल्या माणसाने पाच मिनिटांत ‘डिस्प्ले गेला आहे, खर्च करण्यात अर्थ नाही’ असे सांगितले, भेटीचे पैसे घेतले आणि पावतीवर ‘संच तपासला’ एवढेच दोन शब्द लिहिले. कोणता भाग तपासला, कशाने तपासला, त्याची किंमत किती, यांपैकी काहीही त्या कागदावर नव्हते. त्या संध्याकाळी टॉर्च धरल्यावर मालिकेतली पात्रे अंधुक पण स्पष्टपणे हलताना दिसली. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका मेकॅनिकने पलंगावर जाड चादर पसरून संच पालथा घातला, बोर्ड मोकळे केले, मग दोघांनी मिळून ते पातळ पॅनेल दोन्ही कडांनी अलगद उचलून बाजूला ठेवले. त्याच्याखालचे पांढरे कागद काढल्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उघड्या पडल्या. प्रत्येक एलईडीवर बसवलेल्या पारदर्शक भिंगांच्या रांगेत एका भिंगाखाली जळल्याचा काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. टेस्टरची टोके लावत गेल्यावर बाकीचे दिवे एकेक करून लागले, तो एकटा लागला नाही. हे दिवे एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका दिव्यात प्रवाह तुटला की त्याच्या बरोबरीची सगळी माळ विझते आणि सप्लाय बोर्ड स्वतःहून प्रकाश बंद करून टाकतो. मेकॅनिकने फक्त तो एक दिवा न बदलता सगळ्या पट्ट्या नव्या घातल्या, कारण राहिलेल्या दिव्यांनीही तेवढेच तास काम केलेले होते, आणि पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून बॅकलाइटचा प्रवाहही थोडा कमी करून दिला. सगळा खर्च नव्या संचाच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आतच झाला. सेवा केंद्राच्या माणसाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, पण त्याच्या तोंडी शब्दावर विसंबून एक चांगला संच भंगारात जाणार होता, ही वस्तुस्थिती आहे.

जाता जाता सांगतो, बॅकलाइट लवकर जाण्याचे मुख्य कारण उष्णता आहे आणि नवा संच घरी येतो तेव्हा त्याची प्रकाशाची पातळी बहुधा वरच्या टोकाला ठेवलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट निम्म्याच्या आसपास आणला तर घरातल्या उजेडात चित्र व्यवस्थित दिसते आणि पट्ट्यांचे आयुष्य वाढते.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे संच अजिबात सुरू न होणे. आमच्या सातारा भागात वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की दुसऱ्या दिवशी असे संच घेऊन माणसे येतात, आणि खांबावरची न्यूट्रल तार तुटून घराघरांत दाब भलताच वाढल्यावरही हीच गर्दी होते. अशा वेळी धक्का कोणत्या वाटेने आत शिरला, हे पाहणे फार महत्त्वाचे असते. तो विजेच्या प्लगातून आला असेल तर सप्लाय बोर्डाच्या तोंडाशीच असलेला फ्यूज आणि व्हॅरिस्टर नावाचा एक चकतीसारखा भाग तो स्वतःवर घेतात. ती चकती फुटलेली, काळी पडलेली दिसली की ग्राहक घाबरतो, पण तिचे कामच पुढचे बोर्ड वाचवण्याचे असते आणि तिची किंमत अगदी किरकोळ असते. याउलट धक्का छत्रीच्या किंवा केबलच्या तारेतून सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या वाटेने आत आला असेल, तर तो थेट मदरबोर्डवरच्या मुख्य आयसीपर्यंत पोहोचतो आणि मग बोर्डच बदलावा लागतो. वीज पडली म्हणून बंद झालेले दोन संच वरून सारखेच दिसतात, मात्र त्यांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक असू शकतो. वीज वगैरे काही न होता जुना संच हळूहळू उशिरा सुरू होऊ लागला, लाल दिवा लुकलुकत राहिला, तर बहुधा सप्लायमधले कंडेन्सर, म्हणजे वीज तात्पुरती साठवणारे डबीसारखे भाग, फुगलेले असतात. वरून चपटे असणारे त्यांचे डोके उघड्या डोळ्यांनाही फुगीर दिसते. ही दुरुस्ती नक्कीच करून घ्यावी.

पडद्यावर उभ्या रेघा येणे, अर्धा पडदा पांढरा किंवा काळा होणे, चित्र दुहेरी दिसणे या तक्रारी मात्र गंभीरपणे घ्याव्यात. कधी कधी टीकॉन बोर्ड किंवा त्याची रिबन, म्हणजे चपटी जोडतार, कारणीभूत असते आणि काम थोडक्यात भागते. पण पुष्कळदा पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या लवचिक पट्ट्यांचा जोड सुटलेला असतो. तो पुन्हा बसवण्याची बाँडिंग मशिने मोठ्या शहरांत आहेत, मोठ्या पडद्यासाठी तो खर्च एखाद्या वेळी योग्यही ठरतो, परंतु लहान संचासाठी मी तो सुचवणार नाही. रिबनच्या काही टोकांवर टेप लावून चित्र परत आणण्याची एक युक्ती बाजारात सर्रास वापरली जाते. तिने चित्र येते हे खरे, मात्र ते किती दिवस टिकेल याची खात्री नसते. असे काम करणाऱ्याने तसे आधी सांगावे आणि ग्राहकानेही त्यासाठी मोठी रक्कम मोजू नये.

स्मार्ट टीव्हीमुळे एक नवा गोंधळ झाला आहे. ॲप उघडत नाही, संच मंद झाला, ठरावीक ओटीटी सेवा आता या मॉडेलवर चालत नाही, एवढ्या कारणाने माणसे चांगला पडदा टाकून देतात. संचातले सॉफ्टवेअर जुने झाले म्हणजे टीव्ही बिघडला असे नव्हे. एचडीएमआयच्या खाचेत इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी काही हजार रुपयांची स्ट्रीमिंग स्टिक लावली की तोच पडदा पुन्हा सगळी कामे करतो. सुरू करताना कंपनीचे बोधचिन्ह येऊन तिथेच अडकणारा संचही अनेकदा यूएसबीवरून सॉफ्टवेअर नव्याने भरल्यावर चालू होतो. मदरबोर्ड खरोखरच निकामी झाला आणि मूळ बोर्ड मिळाला नाही, तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर युनिव्हर्सल बोर्ड मिळतात. त्यांनी चित्र आणि आवाज परत येतो, पण मूळ रंगसंगती, मूळ रिमोट आणि काही सोयी जातात. घरातल्या आजी-आजोबांना बातम्या आणि कीर्तन पाहायचे असेल तर हा पर्याय उत्तम आहे, चित्राच्या बारकाव्यांची आवड असणाऱ्याला तो पटणार नाही.

आता पैशांचा हिशेब. दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल तर दुरुस्ती करू नये, असा एक ठोकताळा लोक सांगतात. तो अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण त्यात पुढे किती वर्षे मिळणार याचा विचारच नाही. समजा बत्तीस इंची संचाच्या बॅकलाइटला २,००० रुपये लागले आणि तसाच नवा संच १४,००० रुपयांना मिळतो व सात वर्षे चालतो. म्हणजे नव्या संचाचा वर्षाचा खर्च २,००० रुपये झाला. याचा अर्थ दुरुस्त केलेला जुना संच जेमतेम एकच वर्ष चालला तरी बरोबरी होते आणि त्यापुढचा प्रत्येक महिना हा फायदाच असतो. हा हिशेब मोठ्या संचाला लावला तर तो आणखी ठळक होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, त्यामुळे नवा संच घेण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे, तरीही वर्षाच्या हिशेबाने पाहिल्यास पॅनेल चांगले असलेल्या संचाची बाजू अजून भक्कम आहे. मात्र एका वर्षाच्या आत दुसराच एखादा भाग गेला, तर पुन्हा पैसे घालण्याआधी थांबावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना स्पष्ट सांगतो.

जुना टीव्ही वीज फार खातो म्हणून बदला, हा सल्लाही तपासून घ्यावा. एकवीस इंची ट्यूबचा संच साधारण ८० वॅट आणि बत्तीस इंची एलईडी संच साधारण ५० वॅट घेतो असे धरले आणि रोज पाच तास पाहिले, तर वर्षाला सुमारे ५५ युनिटांचा फरक पडतो. युनिटला दहा रुपये धरले तरी ५५० रुपये होतात. एवढ्यासाठी हजारो रुपये घालणे हा वीजबचतीचा मार्ग नव्हे.

ट्यूबच्या संचांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. खेड्यापाड्यांत ते अजूनही आहेत आणि ज्यांच्यावर मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले त्या संचांविषयी मला ममता वाटते. त्यात सोल्डरचा किरकोळ डाग सुटलेला असेल किंवा एखादा ट्रान्झिस्टर गेला असेल तर तो अवश्य दुरुस्त करावा. पण ट्यूबला लागणारा उच्च दाब तयार करणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर किंवा खुद्द पिक्चर ट्यूब गेली असेल तर थांबावे, कारण खात्रीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. हा संच घरी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही ट्यूबवर काही हजार व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो.

या सगळ्यात सामान्य ग्राहकाच्या हातात नेमके काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे याचा स्पष्ट समावेश आहे, आणि दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. म्हणजे कायद्याचा पाया तयार आहे. प्रत्यक्षात मात्र दोन-तीन हजारांच्या दुरुस्तीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे कोण जाणार? जास्तीत जास्त १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार होते. म्हणून माझी सूचना अशी आहे की, भेटीचे शुल्क आकारणाऱ्या प्रत्येक सेवा केंद्राने तपासणीनंतर एक लेखी टिपण देणे बंधनकारक असावे. कोणता भाग निकामी झाला, तो कोणत्या चाचणीने ठरवला, त्या भागाची किंमत आणि मजुरी किती, तो भाग मिळतो की नाही आणि दुरुस्तीवर किती महिन्यांची हमी, एवढा मजकूर त्यात असावा. बदललेला जुना भाग ग्राहकाला परत द्यावा. यासाठी अर्धे पान पुरेल. ते टिपण हातात असेल तर ग्राहक दुसऱ्या मेकॅनिकचे मत घेऊ शकेल आणि प्रामाणिक सेवा केंद्रांवरचा संशयही दूर होईल. आमच्या गावातल्या छोट्या मेकॅनिकांनीही ही सवय लावून घ्यावी, अशी माझी त्यांना विनंती आहे. तोंडी अंदाज एक आणि शेवटी बिल दुसरेच, या प्रकारामुळे त्यांच्यातल्या चांगल्या कारागिरांचेच नुकसान होत आले आहे.

सुट्या भागांचा प्रश्न तर सरकारच्याच पातळीवर सुटू शकतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून टीव्हीवर दुरुस्तीयोग्यतेचे, म्हणजे संच किती सहज दुरुस्त होतो याचे, गुण दाखवावे लागत आणि जानेवारी २०२५ पासून त्यांची जागा टिकाऊपणाच्या गुणांनी घेतली आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मार्च २०२१ पासून टीव्हीचा अंतर्गत सप्लाय, कंडेन्सर आणि जोडणीच्या खाचा यांसारखे भाग, त्या मॉडेलचा शेवटचा संच बाजारात आल्यापासून किमान सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यासाठी पोर्टल सुरू केले आणि दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयीच्या समितीचा अहवाल २०२५ च्या मे महिन्यात सादर झाला. त्यात पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅबलेट यांचा विचार आहे. टीव्ही ही फोनपेक्षा कितीतरी अधिक काळ घरात राहणारी, अनेकांनी मिळून वापरायची आणि हप्त्यांवर घेतली जाणारी वस्तू आहे. त्याचा समावेश पुढच्या टप्प्यावर न ढकलता लगेच करावा आणि खोक्यावरच सुटे भाग कोणत्या वर्षापर्यंत मिळतील ते छापावे. बॅकलाइटच्या पट्टीसाठी मेकॅनिकला मॉडेलचा क्रमांक घेऊन शहरभर हिंडावे लागते, कधी मिळत्याजुळत्या मापाची पट्टी कापून बसवावी लागते, हे थांबले पाहिजे.

राहिला प्रश्न खरोखरच दुरुस्त न होणाऱ्या संचांचा. ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण वजनाच्या वीस टक्क्यांच्या घरात असते आणि एलईडी येण्यापूर्वीच्या एलसीडी संचांतल्या बारीक दिव्यांमध्ये पारा असतो. भंगारवाला तांब्याच्या गुंडाळ्यांसाठी ट्यूब फोडतो आणि काच ओढ्याकाठी टाकून देतो, हे मी आमच्या परिसरात पाहिले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी असे संच नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, परंतु तालुक्याच्या गावात संच नेमका कुठे नेऊन द्यायचा, हे नगरपालिकेच्या कचरागाडीवरच्या माणसालाही सांगता येत नाही. आपल्या दैनिकाने दिवाळीपूर्वी जिल्ह्यातील अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रांची तालुकावार यादी, पत्ते आणि वेळा यांसह छापावी, ही आपणास आग्रहाची विनंती. त्या यादीत ट्यूबचे संच स्वीकारले जातात की नाही, याचा वेगळा उल्लेख असावा.

आपला,
एक निवृत्त निदेशक, सातारा